घरामागचे तळे

जुन्या कोल्हापुरात तळी पुष्कळ होती. रंकाळा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कोटीतीर्थ, कळंबा, राजाराम तलाव हीही आज आहेत. पण कित्येक तळी आता फक्त नावाला उरली आहेत. वरुणतीर्थ बुजले, तिथे आज गांधी मैदान आहे. रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम झाले. कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई भरते. महालक्ष्मीच्या देवळातले मणिकर्णिका कुंडसुद्धा बुजवून वर बाग केली होती. अलीकडच्या काळात ते पुन्हा उकरून मोकळे करावे लागले.

तळे बुजले म्हणून पाणी यायचं थांबतं का? नाही. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही पाणी साचते. जमीन खोलगट आहे, म्हणून तर तिथे तळे होते. पाण्याची वाट उताराने ठरते. आपण वर माती टाकली तरी पाणी जुन्या वाटेनेच येते.

ही शहराची गोष्ट झाली. पण खेड्यात घरामागे, परड्याला लागून, भावकीचे लहानसे तळे असते. त्याचेही असेच होते. आधी त्यात केंदाळ माजते. मग काठाचे दगड ढासळतात. मग लोक केर टाकू लागतात. शेवटी कोणी तरी म्हणतो, "बुजवून टाका." असे तळे पुन्हा कसे उभे करावे, ते या पाठात पाहू.

आमच्या भावकीचे तळे

पंचगंगेच्या काठी आमच्या भावकीची चार घरे आहेत. मागे परडे आणि परड्याच्या टोकाला सामाईक तळे. लांबी ४० फूट, रुंदी ३० फूट. चारी घरांच्या पागोळ्यांचे पाणी तिथे जाते. गुरे तिथे पाणी पितात. जवळच आड आहे. तळ्यात पाणी असले की आडाला पाणी राहते.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. दुसऱ्या पुरात आमच्या धाकट्या चुलतभावाचे घर पडले. भिंती मातीच्या होत्या, त्या विरघळल्या. जोत्याचे काळे दगड तेवढे राहिले. पुराबरोबर नदीतले केंदाळ तळ्यात शिरले. पूर ओसरला, केंदाळ राहिले. थंडी संपेपर्यंत तळे हिरवेगार झाले. पाण्याचा थेंब दिसेना.

चुलतभावाने बैठक बोलावली. म्हणाला, "तळं बुजवूया. तिथं मी घर बांधतो." आम्ही नको म्हणालो, तेव्हा तो चिडला. "आण्णा, माणसाला ऱ्हायला घर न्हाई, आन् तुम्ही पाण्याला घर ठिवा म्हणताय व्हय?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दोन लेकरे घेऊन तो शाळेच्या खोलीत राहिला होता. त्याला नुसता उपदेश करून चालणार नव्हते. थोरली काकी म्हणाली, "बाबा, चारी घरांच्या पागोळ्या तिकडंच जात्यात. तू तिथं घर बांधलंस तर पहिल्या पावसाला पाणी तुझ्याच चुलीत येईल. मग पुन्हा शाळेत जाणार का?"

मग आम्ही हिशोब मांडला. तळ्याची जागा ४० गुणिले ३०, म्हणजे १२०० चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजे प्रश्न एका गुंठ्याहून थोड्या जास्त जागेचा होता. वरच्या आळीला आमची मोकळी जागा होती. तिथे दोन्ही पुरांत पाणी चढले नव्हते. त्यातली दीड गुंठा जागा आम्ही चुलतभावाला दिली. त्याने खालची पडक्या घराची जागा सोडली.

हे तोंडी ठेवले नाही. कागद केला. कच्चा कागद थोरल्या काकीने वाचला. काकी साठीत अक्षरे शिकली आहे. बोट ठेवून ती एक एक ओळ वाचत गेली आणि एका ठिकाणी थांबली. कागदात तळ्याला 'मोकळी जागा' असे लिहिले होते. काकी म्हणाली, "ही मोकळी जागा न्हवं. हे तळं हाय. तळं असंच लिवा." मग 'सामाईक तळे' असे लिहून घेतले. आज मोकळी जागा म्हणून लिहिले असते, तर उद्या कोणीही तिच्यावर भिंत घातली असती. दस्त रीतसर नोंदवला. काकीने अंगठा दिला नाही, सही केली.

आणि मग आम्ही तळ्याच्या कामाला लागलो.

केंदाळ म्हणजे काय?

केंदाळाला पुस्तकात जलपर्णी म्हणतात. ही वनस्पती मूळची आपली नाही. ती दक्षिण अमेरिकेतली आहे. तिचे जांभळे फूल दिसायला छान. त्या फुलाच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती आपल्या देशात आली. आता ती देशभर पसरली आहे. दर उन्हाळ्यात पंचगंगेत इचलकरंजी-शिरोळकडे तिचे थर दिसतात.

केंदाळाचा देठ फुगीर असतो. आत हवा असते, म्हणून ते तरंगते. एका रोपाला बाजूने धुमारे फुटतात आणि प्रत्येक धुमाऱ्याचे नवे रोप होते. ऊन आणि घाण पाणी मिळाले, तर साधारण १५ दिवसांत केंदाळ दुप्पट होते.

आता डोक्यात हिशोब करा. आज एक रोप. १५ दिवसांनी दोन. महिन्याने चार. दीड महिन्याने आठ. असे दहा वेळा दुप्पट झाले, म्हणजे पाच महिन्यांत, एका रोपाची १०२४ रोपे होतात. म्हणून अर्धे तळे भरलेले दिसले तर "अजून अर्धे मोकळे आहे" असे म्हणू नये. उरलेले अर्धे भरायला १५ दिवस पुरतात.

केंदाळाने पाणी झाकले की ऊन आत जात नाही. पाण्यातला प्राणवायू कमी होतो. मासे मरतात. खाली पाला कुजतो. पाण्याला वास येतो. डास वाढतात.

पण केंदाळ माजते कशावर? खतावर. गोठ्याचे पाणी, मोरीचे सांडपाणी, राख, खरकटे हे सारे तळ्यात जाते. ते केंदाळाचे अन्न आहे. नुसते केंदाळ काढले आणि घाण पाणी चालूच ठेवले, तर ते पुन्हा येणार. रोग्याला औषध द्यायचे आणि दूषित पाणीही पाजायचे, असला तो प्रकार.

म्हणून पहिले काम घाण पाणी वळवण्याचे. आम्ही चारी मोऱ्यांचे पाणी केळी आणि अळूला सोडले. गोठ्याचे पाणी उकिरड्याकडे नेले. काही ठिकाणी शोषखड्डा करतात. खड्डा साधारण चार फूट लांब, रुंद, खोल घ्यावा. त्यात खाली मोठे दगड, वर लहान दगड आणि विटांचे तुकडे भरावेत. पिण्याच्या आडापासून तो निदान ५० फूट दूर हवा. काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तिथे कर्दळीचा वाफा बरा.

केंदाळ कसे काढावे?

काम चैत्र-वैशाखात करावे. तेव्हा पाणी सर्वांत कमी असते. मात्र वळवाचा पाऊस जोर धरायच्या आत संपवावे.

पाण्यात उतरण्याआधी लांब काठीने खोली पाहावी. गाळात पाय रुततो, म्हणून एकट्याने उतरू नये. कमरेला दोर बांधावा. दोराचे टोक काठावरच्या माणसाच्या हातात असावे. केंदाळात साप असतात, काचा असतात. पायात बूट घालावेत. पायाला जखम असेल त्याने पाण्यात जाऊ नये. काम करून आल्यावर ताप आला, तर सरकारी दवाखान्यात जावे आणि घाण पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांना सांगावे.

केंदाळ तोडू नये, मुळासकट ओढावे. तुटलेला धुमारा पुन्हा वाढतो. आम्ही एक लांब दोर पाण्यावर आडवा धरला. दोघे दोन काठांवर चालत गेले आणि दोराने केंदाळ एका कोपऱ्यात लोटले. तिथून दाताळ्याने वर ओढले. शेवटी हाताने एक एक रोप वेचले. हे वेचणे सर्वांत महत्त्वाचे. एक रोप राहिले तर काय होते, तो हिशोब आपण वर केलाच आहे.

केंदाळात बहुतेक पाणीच असते. १०० किलो ओले केंदाळ वाळले की ५ ते १० किलो उरते. म्हणून ओले वाहून नेण्यात शक्ती घालवू नये. काठापासून दूर, पावसाने परत वाहून येणार नाही अशा जागी दोन-तीन दिवस वाळू द्यावे. मग खड्ड्यात थर द्यावेत. एक थर केंदाळाचा, एक शेणाचा, एक मातीचा. अधूनमधून खालवर करावे. तीन-चार महिन्यांत खत होते. फुले येण्याआधीच केंदाळ काढलेले बरे, कारण त्याचे बी चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहते.

तळ्यात कारखान्याचे पाणी येत असेल, तर ते केंदाळ गुरांना घालू नये आणि त्याचे खत भाजीला वापरू नये. केंदाळाची मुळे पाण्यातले विषारी धातू ओढून घेतात.

आणखी एक गोष्ट. काढलेले केंदाळ ओढ्यात ढकलू नये. ओढा नदीला मिळतो. वरच्या गावाने सोडायचे आणि खालच्या गावाने सोसायचे, हा शेजारधर्म नव्हे.

सगळीच झाडे काढायची का? नाही. काठाचा लव्हाळा आणि पाणकणीस एका बाजूला थोडे ठेवावे. ते काठाची माती धरतात. पाणकोंबडी तिथे घर करते. फार दाट झाले तर विरळ करावे. दगडांच्या सांध्यात पिंपळ-वड उगवतो. तो ओढून काढू नये, ओढला तर दगडही निघून येतो. बुडाशी कापावा आणि फुटवा आला की पुन्हा कापावा.

पाणी आणि गाळ

दगडाचे काम करायचे म्हणजे पाणी उपसावे लागते. इथे पुष्कळ जण घाई करतात. एका दिवसात सगळे पाणी काढतात आणि रात्री काठाची भिंत कोसळते. असे का होते? भिंतीच्या मागची माती ओली असते. ती पाण्याने भरलेली असते आणि भिंतीला पुढे ढकलत असते. तळ्यातले पाणी भिंतीला उलट बाजूने टेकू देते. तो टेकू एकदम काढला की भिंत पुढे येते. म्हणून दिवसाला फूटभरच पाणी उतरवावे. मागचे पाणी झिरपून जायला वेळ द्यावा. भिंतीखाली कोणी बसू नये.

मग गाळ काढावा. गाळ काळा, मऊ आणि वासाचा असतो. त्यात पाल्याचे तुकडे सापडतात. खाली घट्ट, चिकट माती लागली की थांबावे. ती माती म्हणजे तळ्याचे बूड आहे. ती फोडून मुरमात गेलो तर पाणी टिकणार नाही.

गाळ काढून काय मिळते? आमच्या तळ्याचा हिशोब पाहा. १२०० चौरस फुटांत एक फूट गाळ काढला, म्हणजे १२०० घनफूट जागा झाली. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. म्हणजे ३३,६०० लिटर पाणी जास्त मावले. १५ लिटरची घागर धरली तर २,२४० घागरी झाल्या. गाळ चारी घरांनी आपापल्या रानात नेला.

जुना दगड, नवे काम

आता दगड. नवा दगड विकत घ्यायला पैसा लागतो. पण जुना दगड आपल्या पायाशीच असतो. आमच्या काठाचे निम्मे दगड तळ्याच्या गाळातच सापडले. उरलेले चुलतभावाच्या पडक्या जोत्याचे होते. दगड त्याचे होते, म्हणून आधी त्याला विचारले. त्याने नव्या घराला लागतील तेवढे ठेवले आणि बाकीचे तळ्याला दिले. त्याचे दाम आम्ही तिघांनी दिले. सामाईक कामात एकाचाच माल फुकट घेऊ नये, पुढे त्यावरून भांडणे होतात.

जुना दगड हातोडीने वाजवून पाहावा. ठण्ण असा आवाज आला तर दगड चांगला. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, किंवा दगड कुजका आहे. सिमेंटचे आणि रंगाचे पोपडे काढून टाकावेत. मग तीन ढीग करावेत. मोठे घडीव दगड, मधले डबर आणि लहान चिपा. आपल्याकडचा काळा दगड जड असतो. एक घनफूट दगड सुमारे ८० किलो भरतो. तो एकट्याने उचलू नये. पहारीने सरकवावा.

कोणता दगड घेऊ नये? देवळाचा, किल्ल्याचा, नदीच्या घाटाचा दगड घेऊ नये. तो सगळ्यांचा आहे. दगडावर चित्र किंवा अक्षरे असतील तर तो बाजूला ठेवावा. आपल्या भागात वीरगळ पुष्कळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची आठवण. खालच्या चौकटीत लढाई असते. वरच्या चौकटीत वीराला स्वर्गात नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करतो. कित्येक गावांत असे दगड पालथे पडलेले असतात आणि त्यावर धुणे धुतात. आमच्या तळ्याकाठी धुण्याचा एक दगड होता. तो उलटा केला तर वीरगळ निघाला. आम्ही तो धुऊन देवळाजवळ उभा केला. अक्षरांचा दगड, नाणी किंवा मूर्ती सापडली तर तहसील कचेरीला कळवावे. लपवणे हा गुन्हा आहे.

भिंत रचायला आम्ही एक जाणता गवंडी लावला. मजुरी घरच्या माणसांनी केली. सिमेंट वापरले नाही. दगडावर दगड नुसता रचला. अशा भिंतीच्या सांध्यांतून मागचे पाणी झिरपते आणि भिंतीवर दाब येत नाही. गवंड्याने सांगितलेले नियम असे :

१. पाया घट्ट जमिनीवर घ्यावा. सर्वांत मोठे दगड खाली.

२. दगडाची लांब बाजू काठाच्या आत जावी. लांबी पुढे दाखवायला ठेवू नये.

३. सांध्यावर सांधा येऊ देऊ नये. वरचा दगड खालच्या दोन दगडांवर बसावा.

४. दर चार-पाच फुटांवर एक लांब दगड आत खोल घालावा. तो भिंतीला मातीशी बांधून ठेवतो.

५. भिंत सरळ उभी नको. दर फूट उंचीला दोन-तीन इंच मागे न्यावी.

६. दगड हलता कामा नये. खाली चीप मारावी. मागे डबर आणि मुरूम ठासून भरावा.

एका बाजूला पायऱ्या केल्या. दुसऱ्या बाजूला गुरांसाठी उतार ठेवला. पोरे पाण्याकडे धावतात, म्हणून बाकीच्या काठाला कुंपण घातले. तळाला फरशी किंवा सिमेंट केले नाही. तळ बंद केला तर आडाचे पाणी कमी होते.

काम झाले, पुढे काय?

२०२२ च्या मृगाआधी आमचे काम संपले. पहिल्या मोठ्या पावसात आम्ही सगळे पाहायला गेलो. पागोळ्यांचे पाणी तळ्यात गेले. कोणाच्या अंगणात साचले नाही. चुलतभाऊ वरच्या आळीहून आला होता. त्याने पायरीवर पाय धुतले आणि एवढेच म्हणाला, "माझ्या जोत्याचा दगड हाय ह्यो."

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तळ्याने महापूर अडत नाही. नदी आली की तळे आणि अंगण एकच होते. पण महापूर दर वर्षी येत नाही, पाऊस दर वर्षी येतो. त्या पावसाला जागा लागते.

आणि केंदाळ? ते परत येते. कधी पुराबरोबर येते, तर कधी जुन्या बियांतून. म्हणून आमच्या भावकीने एक नेम केला आहे. दर पौर्णिमेला आणि दर अमावास्येला एका घराने तळ्याभोवती फेरी मारायची. दिसेल ते रोप उपटायचे. पौर्णिमा ते अमावास्या पंधरा दिवस. केंदाळ दुप्पट व्हायलाही पंधराच दिवस. त्याची दुप्पट होण्याआधी आपली फेरी झाली, की तळे मोकळे राहते. पाळी कोणाची, ते काकी वहीत लिहून ठेवते.

शब्द वाचा आणि लिहा

परडे, पागोळी, केंदाळ, धुमारा, गाळ, डबर, चीप, वीरगळ, सामाईक, दस्त.

विचार करा

१. तुमच्या गावात बुजलेले तळे किंवा आड आहे का? तिथे पावसाळ्यात पाणी साचते का?

२. तुमच्या तळ्याची लांबी २० फूट आणि रुंदी १५ फूट आहे. एक फूट गाळ काढला तर किती लिटर पाणी जास्त मावेल?

३. तुमच्या घरच्या कागदात तळे, आड, वाट यांची नोंद काय केली आहे? कागद काढा आणि स्वतः वाचून पाहा.